लाल खूण कुणी केली?

नाट्यगृहाच्या दारात पायऱ्या होत्या, आणि माझ्या मोबाईलवरचं ॲप हिरवी खूण दाखवून सांगत होतं की व्हीलचेअर थेट आत जाते. ताईला मोठ्या तोऱ्यात सांगून निघाले होते, "आज मी एकटी जाणार." आता नाक मुठीत धरून तिलाच बोलवायचं?

दाराशी एकजण टेप लावून दाराची रुंदी मोजत होता. गळ्यात त्याच ॲपचं ओळखपत्र. मी खुर्ची थेट पायऱ्यांपाशी नेली.

"ही जागा कुणी तपासली?"

"मीच," तो खुशीत म्हणाला. "व्हीलचेअर घेऊन आलो होतो. आरामात गेली आत. फक्त दाराचं माप राहिलं होतं."

"खुर्चीत कोण बसलं होतं?"

"कोणी नाही..." मग त्याची नजर पायऱ्यांवर गेली. "मी बहुतेक... उचलली असणार."

"मी चष्म्याच्या दुकानात काम करते. या कधीतरी, नंबर काढून देते."

तो कानापर्यंत लाल झाला. 'उचलू का' असं मात्र विचारलं नाही, तेवढंच एक शहाणपण. त्याने तिथल्या तिथे खूण लाल केली आणि हळूच म्हणाला, "पुढच्या जागा बघायला याल? मला दिसत नाही, हे तर कळलंच."

नाही म्हणायचं ठरवलं होतं... आणि दर रविवारी जाऊ लागले. एका हॉटेलात आमच्यासाठीच्या स्वच्छतागृहात झाडू-बादल्या कोंबलेल्या. कुठे उतार असा, की खाली येताना देव आठवावा. मी वैतागायचे, तो मालकांशी भांडायचा, आणि भांडता भांडता माझ्याकडे बघून हसायचा. तो मला आवडायला लागला होता. त्याचाही मला वैतागच यायचा.

मग एका रविवारी तळ्याकाठची बाग. ॲपवर लाल खूण. प्रत्यक्षात रुंद फाटक, गुळगुळीत वाट, पाण्यापर्यंत अलगद उतार. पाण्यावरून गार वारा येत होता.

"लाल का आहे ही?"

तो म्हणाला, "मीच केली... परवा. जवळच्या जागा संपल्या होत्या. लाल खूण केली की फेरतपासणी निघते, आणि तुम्ही येता, म्हणून—"

माझं डोकं सणकलं. "ही खूण बघून काल कुणीतरी घरी बसलं असेल. कुणाची तरी ताई म्हणाली असेल, बघ, सांगत नव्हते? कळतंय का तुम्हाला?"

तो मटकन गवतावर बसला. खूण हिरवी केली, आणि मग ॲपच्या कार्यालयातल्या बाईंना फोन लावला. "चूक नाही बाई, मुद्दाम केलं... कारण?" तो अडखळला. "सोबत तपासायला येतात ना, त्या... आवडतात मला. हो, इथेच आहेत. ऐकतायत."

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. शेवटी त्याने ओळखपत्र काढून खिशात टाकलं.

"काम गेलं. बरोबरच आहे त्यांचं. आता तुम्हाला बोलवायला काही निमित्तही नाही."

"निमित्त कशाला हवं होतं? नुसतं 'येता का' विचारलं असतं, तरी आले असते. कधीची वाट बघतेय मी."

त्याने माझा हात हातात घेतला. "येता का?"

"आधी माझा राग जाऊ दे," मी म्हणाले, आणि हात काढून घेतला नाही.