खोली नऊ, तीन ते चार, बसलो

थापाड्या म्हणून माझं नाव आहे. ते मी मेहनतीने कमावलंय. विहिरीतला मासा मला नावाने हाक मारायचा, ही थाप माझीच.

पण हे खरं आहे.

पटत नसेल तर सोडून द्या. माझं काही अडलेलं नाही.

आणि आधीच सांगतो, रात्र नव्हती. भुतांना रात्रपाळीच असते हे कुणी ठरवलं? मंगळवार. दुपारचे तीन. बाहेर लख्ख ऊन. इस्पितळाचा दुसरा मजला, खोली नंबर नऊ.

मी तिथे आध्यात्मिक आधार विभागाचा प्रमुख होतो. पाटीवर एवढं लांबलचक नाव. वॉर्डात मात्र सगळे ‘धीरखातं’ म्हणायचे, आणि मला धीरकाका. आम्ही तिघंच. कुणाला प्रार्थना हवी, तर ज्याच्या त्याच्या धर्माची प्रार्थना. कुणाला देवाला शिव्या घालायच्या असतील, तर त्या ऐकायच्या. आणि ज्याचं कुणीच नाही, त्याच्या खाटेजवळच्या खुर्चीत आमच्यातल्या एकाने जाऊन बसायचं. मग नोंदवहीत लिहायचं. खोली, वेळ, सही.

आधी बसायचं. मग लिहायचं.

नियम मीच केला होता. मोडलाही मीच.

नऊ नंबरात घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे होते. एकटे. आता वाचणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं.

“प्रार्थनाबिर्थना नको मला,” पहिल्याच दिवशी म्हणाले. “तीनला या, चारला जा. बोलू नका.”

“नुसतं बसू?”

“जमेल? तोंड फार चालतं म्हणे तुमचं.”

जमलं. आठ दिवस. माझ्या डाव्या बुटाची करकर कॉरिडॉरमधून ऐकू आली, की मिटल्या डोळ्यांनीच म्हणायचे, “दोन मिनिटं उशीर.”

एकदाच डोळे उघडून म्हणाले, “शेवटी असाल ना?”

“असेन.”

त्या मंगळवारी व्यवस्थापक साहेबांनी दोनला बैठक लावली. नोंदवही घेऊन या म्हणाले, तपासायची आहे. म्हटलं, तीनला जाणारच आहे की. आधीच लिहून टाकलं... ‘खोली नऊ. तीन ते चार. बसलो.’ खाली सही.

बैठक लांबली. साहेबांचा मुद्दा एकच, नुसतं बसायला वेगळं खातं कशाला? मी भांडलो. बसण्याच्या बाजूने भांडता भांडता बसायचंच राहिलं.

सव्वाचारला धापा टाकत वर पोचलो.

मोठ्या सिस्टर दारातच होत्या.

“साडेतीनला गेले, काका. बरं झालं, तुम्ही होतात.”

“मी?”

“म्हणजे काय! औषधं घेऊन दोनदा गेले मी इथून. तुम्ही पाठमोरे बसला होतात. तुमचा तो बूट तर सगळ्या मजल्याने ऐकला.”

मी आत डोकावलो.

“एक विचारू?” त्यांनी आवाज खाली आणला. “त्यांनी घंटी वाजवली होती. म्हणाले, सिस्टर, ह्यांना जायला सांगा. मला वाटलं, नेहमीची कुरकुर... तुम्ही काही बोललात का त्यांना?”

म्हाताऱ्यांचं तोंड भिंतीकडे होतं.

खुर्ची खिडकीपाशी, भर उन्हात. पाठ तापलेली... बसायची जागा गारठलेली.

दुसऱ्या दिवशी वही उघडली. ‘खोली नऊ. तीन ते चार. बसलो.’ नवी नोंद. अक्षर माझं. सही माझी.

खोलीत तर पेशंटच नव्हता.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्याही.

साहेब खूश. “आता कशी हजेरी भरली! राहू द्या तुमचं खातं.”

बघा हं. तोंड बंद ठेवलं असतं, तर खातं वाचत होतं.

बाराव्या दिवशी नऊ नंबरात शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांचंही कुणी नाही. आणि त्यांचेही थोडेच दिवस.

मग मात्र माझं डोकं फिरलं. माझ्या नावाने बसतोस? मरणाऱ्याला तोंड फिरवायला लावतोस?

अडीचलाच जाऊन बसलो. बूट काढून खुर्चीखाली ठेवले.

“आज लवकर?” बाई म्हणाल्या.

“जागा पकडायचीय.”

तीन वाजले. बाहेरची ढकलगाडी थांबली. पंखा फिरत होता... त्याचा आवाज नव्हता.

आणि कॉरिडॉरमध्ये... करकर.

खाली वाकून पाहिलं.

फक्त उजवा बूट होता.

करकर दारापाशी आली. दाराची मूठ फिरली...

“भरलीय खुर्ची!” मी ओरडलो. “माझी सही घेऊन गावभर हिंड. इथे मी बसलोय. मी!”

दार उघडलं नाही. पण माझ्या मांडीवर ओझं आलं. कुणीतरी निवांत टेकावं तसं... जड, गार. जणू खुर्चीत मी नव्हतोच.

पाय म्हणत होते, ऊठ. पळ.

“काका,” बाईंनी माझं मनगट धरलं. पकड शिंपिणीची. “उठू नका हं.”

नाही उठलो. दात वाजत होते, तरी त्याला शिव्या घालत राहिलो. देवाला शिव्या घालणाऱ्या पेशंटांकडून वीस वर्षांत जेवढ्या शिकलो होतो, तेवढ्या सगळ्या संपवल्या. बाई मधेच हसल्यादेखील.

चारला ओझं उतरलं.

डावा बूट दारात होता. टोक आतल्या बाजूला.

दोन दिवसांनी बाई गेल्या. मी शेजारी होतो. तोंड माझ्याकडे होतं.

त्याच दिवशी साहेबांसमोर सगळ्या खोट्या नोंदी तांबड्या शाईने खोडल्या. पहिली तर माझीच. म्हटलं, करा खातं बंद. तुम्ही आजारी पडाल तेव्हा बसायला तुमची फाइल येईल. खातं चालूच राहिलं.

याला अकरा वर्षं झाली. करकरणारे बूट पुन्हा घातले नाहीत.

येत्या गुरुवारी माझं ऑपरेशन आहे. त्याच इस्पितळात. खोली मिळालीय नऊ. बदलून घ्या म्हणाले. मी म्हटलं, बदलतंय माझं खेटर!

फक्त सूनबाईला सांगून ठेवलंय. तीन ते चार खुर्ची सोडायची नाही. चहाला नाही, फोनला नाही.

“आणि कुणी भेटायला आलं तर, बाबा?”

“बोल की. पण बूट करकरवत मीच दारात आलो... तर मला आत घेऊ नकोस.”

ती हसली.

मी हसत नाही हे पाहून थांबली.