हरिश्चंद्राचा वाटा

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीची आहे, आणि ती खोटं बोलणाऱ्यांतली नव्हे.

जागा तोंडवलीचा किनारा. गेल्या वर्षी, तुळशीच्या लग्नाची आदली संध्याकाळ.

सुगंधामावशीचा नवरा हरिश्चंद्र नारळी पौर्णिमेनंतर होडी घेऊन गेला, तो परतलाच नाही. देहही मिळाला नाही. घरात मावशी आणि कॉलेजातली लेक अक्षया, दोघीच उरल्या.

त्या संध्याकाळी रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं ओढायला वाडीतल्या लोकांबरोबर दोघी दोराला लागल्या. मावशी सगळ्यात शेवटी.

तिच्या मागे कोणीच नव्हतं.

तरी दोराला मागून ओढ लागली...

आणि ओल्या तंबाखूचा वास आला. हरिश्चंद्राचा.

मावशीला भीती नाही हो वाटली. रडू आलं.

जाळं किनाऱ्याला लागलं. तिचा दीर तुकाराम याने दोर ओढणाऱ्यांचे वाटे वाळूवर मांडले. जो तो आपला उचलून गेला.

एक वाटा उरला...

"ह्यो समुद्राक सोडूचो," तुकाराम म्हणाला. उरलेला वाटा बुडालेल्याचा, वाडीची रीतच ती.

"ह्यो ह्यांचो वाटो, भावजी. मी घराक नेतलंय."

"नको, वयनी! जेवूक घातलास तर तो जावचो नाय."

"माका ताच व्हया!"

माया वेडी म्हणतात ती अशी. तिने तिरफळं घालून बांगड्यांचं सार केलं, मागच्या पडवीत पान वाढलं.

सकाळी पानावर फक्त काटे होते.

मांजर काटे ठेवत नाही.

मावशी खुशीत. मग रोजच पान वाढू लागली.

पुढच्या रापणीला दोघी पुन्हा गेल्या. या वेळी मागून ओढ नाही. वास नाही...

तुकारामने वाटे मांडले. अक्षयापुढची वाळू रिकामीच.

"काका, माझो वाटो?"

तुकारामने मान वर केली. त्याची नजर तिच्यावरून सरळ मावशीकडे गेली.

"वयनी, अक्षया आज इली नाय?"

मावशीने लेकीला तिथेच मिठी मारली. लोकांना वाटलं, बिचारीला वेड लागलं.

मेलेल्याला घरात ठेवून घेतलं, त्याच्या बदल्यात जिती लेक जगाच्या नजरेतून गेली, हे तिला कळलं. पान वाढणं तिने त्याच दिवशी थांबवलं. पण उशीर झाला होता.

यंदा गणपतीला मी गेलो होतो. ओटीवर बसलो. मावशीने आत हाक मारली, "अक्षया गो, भावाक पाणी दी."

तांब्या माझ्यापुढे आला...

आणणारं कोणी दिसलं नाही.

मी पाणी प्यायलो. हसलोही.

अक्षयाला वाईट वाटू नये म्हणून.