पिन निघाली, चाक टेकलं

गरुडाला खिंडीपर्यंत पोहोचवायचं होतं, आणि तेही आजच! पक्ष्यांची डॉक्टर असलेल्या नणंदेने त्याचा मोडका पंख उन्हाळाभर जपला होता. त्याच्या जातीचे थवे याच आठवड्यात खिंड ओलांडत. ते निघून गेले की हा मागे राहणार. आणि हिवाळाही पिंजऱ्यात गेला, तर पंख असून नसल्यासारखे. म्हणून लेकीला आजीकडे ठेवून तिघं पहाटेच निघाली: मागे पिंजऱ्याशेजारी नणंद, पुढे नवरा, आणि स्टिअरिंगवर ती.

गाडी तिच्याच हातातली. उंच, जुनी जीप; डोंगरासाठी घेतलेली, पण रोज लेकीला शाळेत सोडणारी. पुलाजवळच्या वळणावर ती अशी कलंडायची, की मागे बसलेली लेक दाराला चिकटायची. शेवटी लेकीच्या आईने हट्टच धरला. नवऱ्याने पुढच्या बाजूला नवा, जाडजूड बार बसवला: डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी जखडून गाडीला झुकू न देणारी पोलादी दांडी. मात्र दांडीच्या दोन्ही टोकांना, ओढून काढल्या की चाकं मोकळी होतील अशा पिना ठेवायला तो विसरला नव्हता.

डांबर संपलं, तसा तो म्हणाला, "थांबव. पिना काढून घेतो."

"राहू दे ना. पहिल्यांदाच गाडी मुठीत असल्यासारखी वाटतेय."

"अगं, दगडधोंड्यांत प्रत्येक चाकाला आपापलं खालीवर होता यायला हवं."

"ओढा येऊ दे. तिथे उतरायचंच आहे, तेव्हा काढ."

"दादा, जिच्या हातात आपला जीव आहे तिच्याशी वाद घालू नये," नणंद म्हणाली. तो हसला. पिना राहिल्या.

ओढा कोरडा निघाला. उतरून पाणी पाहायची गरजच पडली नाही, आणि पिनांची आठवण कुणालाच झाली नाही.

वाट चढत गेली. झाडं खुजी झाली, मग संपलीच. उरला तो राखाडी खडक, आणि उजव्या हाताला दरी. इतकी खोल, की तळातली नदी नुसती चमकायची, ऐकू यायची नाही. तिने त्या बाजूला बघायचं सोडून दिलं.

आणि मग, खाडकन! उजवं पुढचं चाक एका घळीवर आलं. ते खाली उतरायला हवं होतं. दांडीने उतरू दिलं नाही! चाक अधांतरी राहिलं, गाडी दरीकडे झुकली, मागचं डावं चाकही जमिनीवरून उचललं गेलं. तिने ॲक्सिलरेटर दाबला. दोन चाकं हवेत गरगरली. गाडी जागची हलेना.

"थांब! इंजीन बंद! ब्रेक दाब, पाय काढू नकोस!" नवरा ओरडला.

नणंद डाव्या दारातून उतरली. तिने टेकलेल्या चाकांना दगड लावले, जाड पट्टा गाडीला अडकवून वरच्या सुळक्याला बांधला. नवरा जॅक आणि हातोडा घेऊन पुढच्या चाकामागे आडवा सरकला. आता स्टिअरिंगवरून तिला फक्त त्याचे बूट दिसत होते.

"दोन्ही पिनांवर ताण आहे," खालून आवाज आला. "जॅकने थोडा सैल करतो. एक निघाली तरी पुरे."

तिने दुसराही पाय ब्रेकवर ठेवला. पाय निसटला तर? पट्टा तुटला तर? पिंजऱ्यात गरुड पंख फडफडवत होता.

ठण्! ठण्!

"निघत नाहीये?"

"बोलू नकोस. पाय!"

ठण्! पिन निघाली. तो मागे सरकला, त्याने जॅक उतरवला. आणि चाक धप्पकन घळीत टेकलं! मागचंही टेकलं. गाडी सावकाश सरळ झाली.

पट्टा सोडून, घळ ओलांडून थोड्या सपाटीवर तिने गाडी थांबवली आणि नवऱ्याने दुसरी पिनही काढली, तेव्हा खिंडीत ढग उतरू लागले होते.

"आता चाकं मोकळी आहेत," नणंद म्हणाली. "जाईल की गाडी, वहिनी."

"जाईल. पण परतताना हीच कड धुक्यात उतरायची आहे. आणि लेकीचे आई-बाप दोघंही याच गाडीत आहेत."

नणंदेने पिंजरा उचलून तिथेच काठावर नेला. दरीतून वर येणाऱ्या वाऱ्याने तिचे केस उडत होते. कितीतरी वेळ ती तो वारा तोंडावर घेत उभी राहिली, मग तिने पिंजऱ्याचं दार उघडलं.

गरुड बाहेर आला, आणि दगडासारखा खाली गेला! तिघं काठाशी वाकली. दरी रिकामी होती. नदी चमकत होती. मग समोरच्या कड्यावरून एक सावली वर सरकू लागली, आणि सावलीपाठोपाठ तो: पंख ताणलेले, न फडफडवता, वर, आणखी वर. खिंडीच्या तोंडाशी ढगाने त्याला गिळलं.

"थवा सापडेल त्याला?" तिने विचारलं.

"माहीत नाही," नणंद म्हणाली. "पण उडाला."

उतरताना गाडी दर खळग्यात डोलत होती, झुकत होती. तिने ती झुकू दिली.

डांबर लागलं. सगळे थकून गेले होते. "घर आलंच," नवरा म्हणाला. "पिना उद्या लावू."

"उद्या सकाळी शाळा आहे."

तिने सपाट जागा बघून गाडी उभी केली आणि स्वतःच पुढच्या चाकाशी गुडघ्यांवर बसली. भोकाशी भोक जुळेना. नवऱ्याने गाडीला हलकेच हेलकावा दिला, आणि पिन आत सरकली. तिने ती ओढून पाहिली. पुन्हा एकदा ओढून पाहिली. मग हात पुसून ती दुसऱ्या बाजूला गेली.