काच आतून पुसलेली

झोप येत नसेल तर ऐका, बाळांनो. आमच्या शेजाऱ्याची गोष्ट आहे.

तो हवामान खात्यात होता. गावाबाहेर टेकाडावर त्याची कामाची खोली. तिथलं यंत्र सीलबंद पेटीत, आणि पेटीची काच छपरात; तिच्यातून ते हिरवा प्रकाश आभाळात सोडायचं. धुळीवर, ढगावर आपटून तो परत आला की ढग किती उंच ते पडद्यावर दिसायचं. आम्ही त्याला ढगमोज्या म्हणायचो. तुमची आजी विचारायची, "भावोजी, उद्या कपडे वाळतील का?"

काच रोज संध्याकाळी पुसावी लागे. ते काम त्याच्या लेकीचं. काचेवर "हाऽऽ" करून फुंकायची, मग फ्रॉकच्या बाहीनं गोल गोल पुसायची.

"चिमणे, यंत्राला ढग वाटेल गं!"

"वाटू दे की, बाबा!"

ती तापानं गेली. घरून फोन आला तेव्हा हा म्हणाला, "एवढं मोजून येतो." पोचला तोवर सगळं संपलं होतं. बायको माहेरी निघून गेली. तेव्हापासून हा भेटेल त्याला एकच विचारायचा, "ती रुसून गेली असेल का हो माझ्यावर?"



मग ती फेब्रुवारीतली, शनिवारची अमावस्या. आभाळ लख्ख. तो नेहमीसारखा काच पुसायला छपरावर गेला. पुसली. खाली येऊन यंत्र चालू केलं.

पडद्यावर ढग.

अगदी छपराला टेकून. इतकं जवळचं त्या यंत्राला दिसतच नाही.

तो वर गेला. वर नुसत्या चांदण्या. खाली आला. ढग होता... विरला... पुन्हा आला. श्वासासारखा.

"ढगच असेल, आजोबा."

असेल, बाळा.

यंत्र बंद करून तो बॅटरी घेऊन पुन्हा वर गेला. काच धुरकट झालेली. रुमालानं पुसली. जाईना. पुन्हा पुसली...

धुकं आतून होतं.

तो गुडघ्यांवर बसला.

"चिमणे... रागावलीस?"

 वारा पडलेला.

मग त्या धुक्यात एक जागा नितळ होत गेली. हळूहळू. गोल गोल...

तो उजाडेपर्यंत तिथंच बसून होता. सकाळी त्यानं बायकोला फोन लावला. दोघं कितीतरी वेळ रडली म्हणे.

दुपारी त्यानं बोलावलेला मेकॅनिक आला. पेटी बघून वैतागला, "साहेब, आत हात घालू नका म्हटलं होतं ना? काच आतून कुणी पुसली?"

पेटीचं सील शाबूत होतं. आतले ओल शोषणारे खडे कोरडे ठणठणीत. आणि काचेच्या आतल्या बाजूला, लहान मुठीएवढा, स्वच्छ गोल.