पालथ्या क्रेटखालचा गोबरा

सोडून दिलेला मासा बुडत का नाही, हे हेमांगीला काही केल्या कळेना.

सकाळपासून आजोबांनी दोन मोठे गोबरे गळावरून सोडवून पाण्यात परत टाकले होते. दोन्ही पोट वर करून तरंगत राहिले आणि मेले. दोघांच्याही तोंडातून गुलाबी फुग्यासारखं काहीतरी बाहेर आलं होतं.

मालवणपासून लांब, भर समुद्रातल्या या प्रवाळाच्या खडकावर पन्नास मीटर खोल कपारींत गोबरे राहतात. जाड ओठांचा हा मासा खवय्यांचा लाडका. पण २०४८ सालच्या नियमाप्रमाणे हातभर लांबीच्या वरचा गोबरा जिवंत सोडावा लागे, कारण खडकावर पुढची पिल्लं या थोरांमुळेच होतात. सोडताना त्याच्या परावर बटणाएवढी खूणचिप लावायची; मासा मेला, की ती मुकी होते. तीन चिपा मुक्या झाल्या, की त्या होडीला खडक वर्षभर बंद. आजोबांच्या दोन झाल्या होत्या. चाळीस वर्षं जिथे गळ टाकला तीच जागा जाणार, या धास्तीने ते कुणाशी धड बोलत नव्हते.

"घाबरान मरतत ते," आजोबा पुटपुटले.

"घाबरून नाही," कुर्ली म्हणाली. कुर्ली म्हणजे होडीवरचा यंत्रमानव. खेकड्यासारखा आडवा चालतो म्हणून हेमांगीनेच हे नाव ठेवलं होतं. "हेमांगी, तो रबरी हातमोजा दे."

कुर्लीने मोज्यात हवा भरली, तोंड घट्ट बांधलं, आणि शिशाचं वजन व कॅमेरा लावून तो दोरीने खाली सोडला. पडद्यावर मोजा आक्रसत गेला. तळाशी तो जेमतेम लिंबाएवढा उरला.

"कुणी दाबला त्याला?" हेमांगीने विचारलं.

"पाण्याने. खोल जावं तसा दाब (वरच्या पाण्याचा भार) वाढतो. इथल्या तळाशी तो वरच्यापेक्षा सहापट आहे, म्हणून हवा सहाव्या हिश्शात मावते. आता वर ओढ."

वर येता येता मोज्याची बोटं पुन्हा टरारली. हेमांगी ते बघतच राहिली.

"गोबऱ्याच्या पोटात पण हवा असते?"

"असते. वाताशय (तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी). ती तळाशी मापात भरलेली असते. भराभर वर ओढलं, की फुगते, आणि पोटातलं सगळं तोंडाकडे ढकलते."

तेवढ्यात गळाची दोरी ताणली. तिसरा गोबरा वर आला, हातभराहून चांगला मोठा, आणि तोंडात तोच गुलाबी फुगा. कुर्लीने चिप लावली. आजोबांनी टोपीतून जाळं शिवायची सुई काढली. फुगा फोडला की मासा बुडतो, असं बंदरावर सगळेच सांगत.

"थांबा, तांडेल," कुर्ली आजोबांना म्हणाली. "तो हवेचा फुगा नाही. ते त्याचं जठर आहे. फोडलंत तर तो मरेल."

"मग काय करू? बगत रवू?" आजोबांनी सुई तशीच धरून विचारलं.

हेमांगीच्या डोळ्यांसमोर लिंबाएवढा मोजा आला. "आजोबा, तेका परत खाली धाडूया. खाली गेलो की हवा आपोआप बारीक होतली."

"तो बुडता खंय?" म्हणता म्हणता आजोबा थबकले. मग त्यांनी मासळीचा रिकामा क्रेट ओढला, कडांना शिसं बांधलं, मोज्याची दोरी आणि कॅमेरा त्याला लावला आणि तो तरंगत्या गोबऱ्यावर पालथा घातला. "वर येवक बगतलो तर क्रेट आडवतलो. सोड दोरी."

दहा मीटर, वीस, चाळीस. पडद्यावर क्रेटखाली गोबरा उताणाच होता. पन्नासला त्याने कूस बदलली, शेपटी हलवली आणि उघड्या बाजूने निघून कपारीत शिरला. चिपेचा हिरवा ठिपका लुकलुकत राहिला. आजोबांनी डोळे पुसले, अगदी उघडपणे.

मग सुई टोपीत खोचून त्यांनी वायरलेस उचलला. खडकाभोवती आणखी सात होड्या होत्या.

"आयकतात मा? गोबऱ्याक सुई लावू नकात. क्रेट पालथो घाला."

"क्रेट कित्याक?" पलीकडून कुणीतरी विचारलं.

आजोबांनी वायरलेस हेमांगीच्या हातात दिला. "सांग गो. पयलो हातमोजो सांग."