हळदीत काही नव्हतं

ही गोष्ट खरी आहे.

असं इथे प्रत्येक जण म्हणतो, माहीत आहे मला. या पेजवरच्या गोष्टी वाचून हसणाऱ्यांतलीच मी आहे. वडाखालची बाई, रिकामी रिक्षा, उलटे पाय... चालू द्या तुमचं. आमच्या घरात देव्हारा नाही, अंगारे-धुपारे नाहीत. हॉलमध्ये बुद्धमूर्ती आणि पुस्तकांचं कपाट. कुणी भुताचं नाव काढलं तर आजोबा ताटावरून उठवायचे.

तरी लिहितेय. कारण हे माझ्या मामेभावाच्या घरात घडलं... आणि अजून संपलेलं नाही.

नावं बदललेली नाहीत. मुद्दाम.

रात्रबित्र काही नव्हती. गेल्या जानेवारीतला मंगळवार, भर दुपार. गाव बेलव्ह्यू, अमेरिका. तिथे त्या दिवसांत साडेचारलाच अंधार पडतो, एवढाच काय तो अंधार.

माझा मामेभाऊ अनुप तिथे तिसऱ्या मजल्यावर राहतो. दोन बेडरूमचं भाड्याचं घर, बिल्डिंग नवीकोरी. घरात चार माणसं. अनुप, त्याची बायको मोनाली, साडेतीन वर्षांची यशोधरा, म्हणजे आमची यशू, आणि नागपूरहून सहा महिन्यांसाठी गेलेली माझी रमामामी, अनुपची आई.

यशूला सर्दी होती म्हणून डेकेअरला सुट्टी. मोनाली ऑफिसला गेली होती. अनुप घरून काम करत होता.

त्याची कंपनी जुनी हस्ताक्षरं वाचणारं सॉफ्टवेअर बनवते. एका म्युझियमने त्यांना पत्रांचे फोटो दिले होते. सतराशे नव्वदच्या आसपासची, इंग्लंडमधल्या शिसं-चांदीच्या व्यापाऱ्याची. ऑल्डरसन त्याचं नाव.

तो धंदा थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. खाणीतल्या शिशात चिमूटभर चांदी असते. भट्टी लावून शिसं वेगळं काढलं की चांदी मागे उरते. ऑल्डरसन शहरात बसून पत्रं लिहायचा आणि डोंगरावरचा मुकादम भट्टी चालवायचा. भट्टीचा धूर एका लांब दगडी बोगद्यातून वर जायचा. त्या बोगद्याच्या भिंतींवर काजळी धरायची, तिच्यातही शिसं. ते कसं सोडणार? ती खरवडायला आत कुणालातरी पाठवायचे.

बोगदा अरुंद. मोठं माणूस मावायचं नाही.

म्युझियमला असं हवं होतं की पाहुण्याने मुकादम व्हायचं. डावीकडे ऑल्डरसनचं पत्र दिसणार, उजवीकडे आपण उत्तर टाइप करायचं, मग ऑल्डरसन त्याच्या भाषेत परत उत्तर देणार. गंमत म्हणून.

अनुपचा मॅनेजर प्रताप, मुंबईचा. माणूस वाईट नाही, पण सतत मानगुटीवर बसलेला. त्याचा चार वर्षांचा ईशान यशूच्याच डेकेअरमध्ये होता. एकमेकांच्या वाढदिवसाला जाणं-येणं होतं.

त्या दुपारी प्रताप कॉलवर होता. "अनुप यार, संध्याकाळी क्लायंटला दाखवायचंय. सेंडचं बटण चालतं का, एवढं बघून सांग."

समोर एक पत्र उघडं होतं. अनुपने ते वाचलं नाही. मी नंतर वाचलं, म्हणून सांगते काय होतं त्यात.

"धुराच्या बोगद्यातलं लहान माणूस गेल्याचं कळलं. काजळी साचते आहे. भट्टी थांबणार नाही. तुमच्या घरात एक लहान आहे, तेच घाला. उलट टपाली कळवा."

अनुपने टाइप केलं, "नोटेड. विल डू द नीडफुल."

आणि सेंड दाबलं.

या आयटीवाल्यांचं काय असतं, तुम्हाला माहीत आहे. समोरच्याने काहीही मागो, आधी हो. वाचायचं नंतर.

स्क्रीनवर लगेच एक ओळ आली. "आपला होकार मिळाला. वहीत उतरवून घेतला."

"चालतंय," अनुप म्हणाला. "उत्तरही आलं."

प्रताप म्हणाला, "उत्तर कसं येईल यार? तो पार्ट तर आपण अजून जोडलाच नाहीये..."

पण क्लायंटचा फोन आला आणि विषय तिथेच राहिला.

त्याच संध्याकाळी पहिला आवाज आला.

मामी स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. यशूच्या खोलीतून काहीतरी ऐकू आलं.

खर्र... खर्र...

भिंतीत जमिनीलगत हीटरची जाळी आहे. आवाज तिच्या आतून येत होता. लोखंडाने दगड खरवडावा तसा. मामीला वाटलं उंदीर असेल.

दुसऱ्या दिवशी बिल्डिंगचा मेंटेनन्सवाला आला. त्याने स्क्रू काढले, आत टॉर्च मारला. उंदीर नाही, लेंड्या नाहीत, काही नाही. धूळसुद्धा नाही. नव्या बिल्डिंगमध्येही धूळ असतेच की. इथे आतला पत्रा लखलखत होता.

"तुम्ही साफ करून घेतला का?" त्याने विचारलं.

कुणी केला होता साफ?

मग घरातून एकेक गोष्ट कमी व्हायला लागली.

आधी यशूचं गाणं गेलं. ही पोरगी आंघोळ करताना, जेवताना, रडतानासुद्धा गाणारी. गप्प झाली.

मग भूक गेली. ताट पुढे केलं की म्हणायची, "आय एट ऑलरेडी."

कुणी भरवलं तिला? कुणीच नाही.

एकदा अनुप खोलीत गेला तर ती जाळीला तोंड लावून पालथी पडली होती. त्याच्याकडे पाठ. उजवा हात हळूहळू पुढे-मागे होत होता... हातात काही नव्हतं.

"यशू, काय करतेस बाळा?"

"वर्किंग, पपा."

तिने मान वळवली नाही.

अनुपने तिला उचललं. बोटांची टोकं राखाडी झाली होती. साबणाने घासली तरी निघेनात. आणि तोंडाला कसलातरी गोडूस वास येत होता.

"इट्स स्वीट," ती म्हणाली.

पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं. दोन दिवसांनी क्लिनिकमधून मोनालीला फोन आला.

यशूच्या रक्तात शिसं होतं. मर्यादेच्या कितीतरी वर. शिशाची चव गोडसर असते, हे तेव्हा कळलं.

शिसं म्हणजे पोराचा मेंदू. हाडं. कायमचं नुकसान. मोनाली ऑफिसच्या पार्किंगमधूनच घरी परत फिरली.

काउंटीची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य खात्याची बाई तपासायला आली. भिंती तपासल्या, नळ, खेळणी, दाराचे रंग. सगळं स्वच्छ. मग तिने कागद काढला आणि विचारायला लागली. सिंदूर वापरता का? पितळेची भांडी? काजळ? भारतातून आणलेली हळद?

मोनालीने हळूच मामीकडे पाहिलं.

बाई गेल्यावर सुरू झालं.

"आई, तुम्ही तिला काजळ लावत होतात."

"एकदा लावलं. तू नको म्हणालीस, मग नाही लावलं."

"आणि ती हळद?"

"घरची आहे ग. स्वतः कांडून घेतली. अनुप याच हळदीवर वाढला."

"मला माझी मुलगी हवीय, आई. तुमची हळद नको."

मोनालीने हळद, तिखट, काळा मसाला, मामीने कपड्यांत गुंडाळून आणलेलं सगळं कचऱ्याच्या काळ्या पिशवीत ओतलं. मामी बघत राहिली. अनुप लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला होता. याचा मला आजही राग आहे. एक शब्द बोलला नाही आईच्या बाजूने.

त्याच आठवड्यात मामीचं तिकीट अलीकडचं करून तिला परत पाठवलं.

नंतर लॅबचा रिपोर्ट आला. हळदीत काही नव्हतं. काजळात काही नव्हतं. मामीला कुणी फोन करून सांगितलं नाही.

आणि यशूच्या रक्तातलं शिसं वाढतच गेलं.

"घरात कुठेतरी आहे ते," डॉक्टर म्हणाल्या. "शोधा. आणखी वाढलं तर ॲडमिट करावं लागेल."

घरात कुठेच नव्हतं. घरात फक्त तो आवाज होता.

खर्र... खर्र... खर्र...

फेब्रुवारीअखेरीस अनुपने ते पत्र पहिल्यांदा नीट वाचलं.

मोनाली ऑफिसला होती. यशू आपल्या खोलीत झोपलेली. म्युझियमला पाठवायचं म्हणून तो पत्रं तपासत होता आणि ते समोर आलं. धुराच्या बोगद्यातलं लहान माणूस... तुमच्या घरात एक लहान आहे... आणि त्याखाली स्वतःचं उत्तर.

नोटेड.

त्याने उत्तर डिलीट केलं. ते परत आलं. पुन्हा केलं. पुन्हा आलं.

शेवटी त्याने लिहिलं, "ती चूक होती. कॅन्सल करा. मी माझी मुलगी देणार नाही."

ओळ उमटली. "वहीतलं खोडलं जात नाही. बोगदा रिकामा राहत नाही."

तेवढ्यात खोकल्याचा आवाज आला.

यशूच्या खोलीतून.

अनुप धावला. पलंग रिकामा. पांघरूण अजून गरम होतं. त्याने कपाट पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, बाथरूम, बाल्कनी. बाहेरच्या दाराला आतून साखळी तशीच होती.

पुन्हा खोकला...

जाळीच्या आतून.

आत जेमतेम वीतभर जागा. जाळीचे स्क्रू जागच्या जागी. अनुपने ती नखांनी, हातांनी उपटून काढली. आत नुसता काळोख. गरम धुराचा वास. आणि तिचा खोकला... आत... आणखी आत जाणारा.

"यशू, मागे ये बाळा. पपाकडे ये."

खर्र... खर्र...

तो लॅपटॉपकडे परत आला. रक्ताळलेल्या बोटांनी टाइप केलं, "तिच्याऐवजी मी येतो."

"मोठ्याचा उपयोग नाही."

आता मी जे सांगते ते अनुपने मला रडत रडत सांगितलं. प्रोजेक्ट सोडताना सगळे एक ओळ लिहितात ना, तीच त्याच्या बोटांनी लिहिली. सवयीने, असं तो म्हणतो.

"मी आता या कामावर नाही. यापुढील पत्रव्यवहारासाठी प्रतापशी संपर्क साधावा."

स्क्रीन थोडा वेळ रिकामी राहिली.

मग ओळ आली. "नवीन मुकादमाची नोंद केली. त्यांच्या घरात लहान आहे का?"

सवय वगैरे इथवर मी ऐकून घेतलं. पण यापुढे नाही. कारण या वेळी अनुपने प्रश्न नीट वाचला होता. त्याच्या डोळ्यांसमोर ईशान आला होता, वाढदिवसाची टोपी घातलेला. त्यानेच सांगितलं मला हे.

त्याने लिहिलं, "हो."

खरवडणं थांबलं.

सगळं घर गप्प झालं. फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली.

"पपा... भूक लागली."

यशू त्याच्या मागे उभी होती. गुडघे काळे, केसांत काजळी. किती दिवसांनी जेवायला मागत होती ती. अनुपने तिला छातीशी धरलं आणि वरणभात कालवला.

लॅपटॉप तिथेच उघडा होता. अजून एक ओळ लिहिता आली असती त्याला.

नाही लिहिली.

यशू आता बरी आहे. शिसं उतरत गेलं, महिन्या-महिन्याला. ती गाते, जेवते, नर्सरीत जाते. डॉक्टर म्हणतात, सोर्स गेला असेल. अनुपने ती कंपनी सोडली.

मे महिन्यात प्रतापचा फोन आला.

"अनुप यार, एक विचारायचं होतं. ईशानच्या पोटात सारखं दुखतंय. ब्लड टेस्ट केली तर लेड निघालं. घर सगळं तपासून घेतलं, काहीच नाही. यशूला पण झालं होतं ना तसं? तू काय केलं होतंस?"

प्रतापचा आवाज रडवेला झाला होता. अनुपला पलीकडून आणखी काहीतरी ऐकू येत होतं. लांबून... भिंतीतून.

खर्र...

"सांग ना यार. कशाने थांबलं?"

अनुप म्हणाला, "हळद फेकून दे. इंडियातून आणलेली असेल ना, ती सगळी."

"थँक्स यार," प्रताप म्हणाला.

अनुपने हे मला मागच्या आठवड्यात सांगितलं आणि वर म्हणाला, आईला सांगू नकोस. मी सांगितलं. मामीने एवढंच विचारलं, त्या दुसऱ्या पोराची आजीपण तिथेच आहे का. मला ते माहीत नव्हतं.

प्रतापचा नंबर अनुप देत नाही. मी कंपनीत मेल केला, उत्तर नाही. म्हणून इथे लिहितेय. तुमच्यापैकी कुणी बेलव्ह्यूचं असेल, ईशान नावाच्या मुलाचे वडील प्रताप, त्यांना ओळखत असेल, तर हे त्यांना दाखवा. हळदीत काही नव्हतं म्हणावं. ती पत्रं उघडा आणि सगळ्यात शेवटी काय लिहिलंय ते वाचा.

हे लिहून झालंय, पण पोस्ट करायला हात धजत नाहीये. कारण वाचल्यावर प्रतापला हे थांबवायचा मार्ग कळेल. त्यालाही पोरगा आहे.

तो कुणाचं नाव लिहील, ते मला माहीत नाही. माझ्या घरातही एक लहान आहे.