लपणात कोणी नाही

डोळे मिटा पाहू, क्षणभरच. समजा, तुम्ही एका लाकडी खोक्यात बसला आहात. उभं राहिलं तर डोकं छताला लागतं, बसलं तर गुडघे समोरच्या फळीला. फळीत हात जाईल एवढी आडवी फट. बाहेर दलदल, लव्हाळी आणि पक्षीच पक्षी. याला लपण म्हणतात. आत माणूस आहे हे पक्ष्यांना कळता कामा नये.

उघडा आता. अशाच एका लपणात एक मुलगी बसली होती. तिच्या तोंडाला कुलूप म्हणून नसे, म्हणून सगळे तिला टिटवी म्हणत. तिची आई पक्ष्यांची अभ्यासक. कमळपक्ष्याच्या एका घरट्यावर आई कित्येक दिवस नजर ठेवून होती. अंडी आज फुटतील असा तिचा अंदाज होता, आणि हट्ट करकरून टिटवी आज सोबत आली होती.

सकाळी दोघींना घेऊन मामा बांधावरून आला. तिघंही लपणात शिरले आणि मामा लगेच परत निघाला. ही पक्षी पाहणाऱ्यांची जुनी युक्ती.

"पक्ष्यांना वजाबाकी येत नाही," तो कुजबुजला. "एक जण जाताना दिसला की त्यांना वाटतं, लपण रिकामं झालं."

"मलाही येत नाही," टिटवी म्हणाली.

"म्हणून तर तू टिटवी! आता चिडीचूप हं. पक्षी घाबरून उठला तर अंडी उन्हात शिजतील, आणि 'दादा, हिला का आणलंस?' म्हणून तुझी आई माझं डोकं खाईल."

मामा गेला. उडालेले पक्षी एकेक करत पाण्यावर उतरले. टिटवीने फटीला डोळा लावला.

लांब बांधावर मामा चालला होता. त्याचं बोट धरून एक मुलगी उड्या मारत चालली होती. डोक्यावर पिवळी टोपी.

टिटवीने स्वतःचं डोकं चाचपलं. पिवळी टोपी जागेवर होती.

"बरं झालं बाई, पोरीला दादाबरोबर परत धाडलं," आई स्वतःशीच पुटपुटली. "तिच्याने कुठलं गप्प बसवतंय!"

टिटवीला हसू फुटलं. आई आणि थट्टा! तिने आईची बाही ओढली. डास झटकावा तशी आईने बाही झटकली. तिचा डोळा दुर्बिणीवरून हलला नाही.

मग आईने रेकॉर्डर तोंडाजवळ धरला. ती नेहमीच्या कोरड्या आवाजात बोलली, "आकाश निरभ्र. वारा नाही. निरीक्षक एक."

टिटवीला ओरडावंसं वाटलं, पण समोर नर अंड्यांवर बसला होता; कमळपक्ष्यांत अंडी नरच उबवतो. तिने ओठ दाबून धरले. ऊन चढलं. नर थोडा सरकला, आणि फुटलेल्या कवचातून काडीसारखे पाय बाहेर आले. आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

नराने पिल्लं पंखांखाली घेतली. आता बोलायला हरकत नव्हती.

"आई."

आई दुर्बीण पुसत होती.

"आई, मी इथेच आहे!"

मग ती किंचाळली. घसा फाटेस्तोवर किंचाळली.

पाण्यावरचा एकही पक्षी उडाला नाही.

पक्षी उडाले ते नंतर, बांधावरून मामा न्यायला आला तेव्हा. दार उघडलं. मामाच्या मागून पिवळी टोपी आत डोकावली.

"आई, फुटली का गं अंडी? सांग ना! किती पिल्लं? कुणासारखी दिसतात?"

तोच आवाज. तीच भडाभडा बोलायची सवय.

"अगं हो हो, श्वास तर घे!" आईने तिला जवळ ओढून तिचा मुका घेतला.

टिटवी दोघींच्या मध्ये घुसायला धडपडली. कोणीच बाजूला सरकलं नाही. आई वाकून बाहेर पडली. दार लागलं, बाहेरून कडी पडली.

तिने दारावर मुठी आपटल्या. बांधावरचं हसणं दूर दूर जात राहिलं.

पक्षी पुन्हा उतरले.

शेवटी तिने फटीतून हात बाहेर काढला, कोणाला तरी दिसावा म्हणून. एक खंड्या आला, तिच्या मनगटावर बसला. चोचीने पिसं साफ केली, मान पिसांत खुपसली आणि झोपला.

टिटवीने आणखी एकदा आईला हाक मारली. मग पाखराची झोप मोडू नये म्हणून तिने दुसऱ्या हाताने पहिल्या हाताला आधार दिला.